लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम: अक्षरांचे चौकोन, गायब विंडो, काळी स्क्रीन आणि त्यावरचे उपाय

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेटसाठी आणखी एक वर्ष मिळालं, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे काहीच बिघाड नसलेले असंख्य संगणक एका तारखेत 'जुने' ठरले.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेसारख्या जुन्या भागात हा प्रश्न फक्त घरच्या लॅपटॉपचा नाही. डीटीपीचं एखादं छोटं दुकान डोळ्यांसमोर आणा. लग्नपत्रिका, तालीम मंडळाच्या स्पर्धेचं पत्रक, गणेश मंडळाचा जमाखर्च, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल अशी कामं वर्षानुवर्षं पेजमेकर किंवा कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्तीत होत आलेली असतात. मजकूर युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये असतो. संगणक नवा घेता येईल, पण पंधरा-वीस वर्षांच्या फाइली पुन्हा कोण टाइप करणार?

अशा संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबुंटूसारखं मोफत लिनक्स टाकायचं आणि विंडोजचे प्रोग्रॅम 'वाइन'च्या मदतीने चालवायचे, हा एक मार्ग आहे. प्रोग्रॅम सुरूही होतो. मग दिसतं की अक्षरांच्या जागी चौकोन आलेत, मेनू मुंगीएवढा झालाय किंवा विंडो नुसती काळी आहे. यातले बरेचसे बिघाड दुरुस्त करता येतात. त्यासाठी आधी बिघाड कोणत्या जातीचा आहे ते ओळखावं लागतं. काही बिघाड फक्त दिसण्याचे असतात, तर काही फाइलमधला मजकूर कायमचा घालवतात.

वाइन म्हणजे काय?

वाइन म्हणजे विंडोजची नक्कल करणारा आभासी संगणक नव्हे. विंडोजचा प्रोग्रॅम 'इथे विंडो काढ', 'हे अक्षर या फॉन्टमध्ये दाखव' अशा आज्ञा देत असतो. वाइन त्या आज्ञा लिनक्सला कळतील अशा रूपात पुढे पाठवतं. म्हणजे हा दुभाषा आहे. विंडोज विकत घ्यावं लागत नाही आणि जुन्या संगणकावर फारसा भारही पडत नाही.

हे काम १९९३ मध्ये सुरू झालं. १९९४ पासून अलेक्झांद्र ज्युलियार त्याचं नेतृत्व करत आहेत. पहिली पक्की आवृत्ती, वाइन १.०, यायला जून २००८ उजाडला. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीने वाइनवर आधारलेलं 'प्रोटॉन' आणलं आणि विंडोजचे हजारो गेम लिनक्सवर चालू लागले.

छपाईच्या धंद्याशीही वाइनचं जुनं नातं आहे. कोरल कंपनीने २००० साली कोरलड्रॉ ९ ची लिनक्स आवृत्ती बाजारात आणली होती आणि ती वाइनच्याच आधारावर उभी होती. पुढे कंपनीने तो मार्ग सोडला, पण तिने वाइनमध्ये केलेलं काम सगळ्यांच्या उपयोगी पडलं.

दुभाष्याकडून चूक होण्याच्या जागा चार आहेत: अक्षरं, आकार, विंडोची हालचाल आणि ग्राफिक्स. स्क्रीनवरचा जवळपास प्रत्येक बिघाड यातल्या एका ठिकाणचा असतो.

हात लावण्याआधी तीन कामं

पहिलं, मूळ फाइली पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. प्रयोग फक्त त्यांच्या प्रतीवर करा.

दुसरं, प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं घर द्या. वाइन आपला 'सी ड्राइव्ह' एका फोल्डरमध्ये बनवतं. सगळे प्रोग्रॅम एकाच फोल्डरमध्ये कोंबले तर एकासाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्याला बाधते. 'बॉटल्स' किंवा 'लुट्रिस' ही मोफत साधनं प्रत्येक प्रोग्रॅमसाठी स्वतंत्र 'बाटली' करून देतात. एक बिघडली तर ती काढून टाकायची, बाकीच्यांना धक्का लागत नाही.

तिसरं, एका वेळी एकच सेटिंग बदला आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करा. पाच सेटिंग एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही.

वाइनच्या संकेतस्थळावर प्रोग्रॅमांची यादी आहे. तिथे प्रत्येक आवृत्तीला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ किंवा गार्बेज असा दर्जा वापरणाऱ्यांनी दिलेला असतो. नुसतं प्रोग्रॅमचं नाव पाहू नका, आवृत्तीचा क्रमांकही पाहा. एकाच प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती सुरळीत चालते आणि नवी उघडतही नाही, असं बऱ्याचदा होतं.

मराठी अक्षरं बिघडली तर

हा सगळ्यात नाजूक भाग आहे. अक्षरं चार प्रकारांनी बिघडतात आणि चारही प्रकारांचा अर्थ वेगळा असतो.

*चौकोन दिसतात.* मजकूर शाबूत आहे, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. विंडोजमध्ये 'मंगल' हा फॉन्ट विंडोज २००० पासून होता. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी तो घडवला. लिनक्सवर तो नसतो. त्याऐवजी नोटो, लोहित किंवा मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' हे मोफत देवनागरी फॉन्ट लिनक्समध्ये टाका. लिनक्समध्ये बसवलेले फॉन्ट वाइनलाही दिसतात.

तरीही प्रोग्रॅम 'मंगल'च मागत असेल तर वाइनच्या रजिस्ट्रीत बदली फॉन्ट सांगता येतो. रजिस्ट्री एडिटरमध्ये चालू वापरकर्त्याच्या विभागात जा, त्यात सॉफ्टवेअर, मग वाइन, मग फॉन्ट्स आणि शेवटी 'रिप्लेसमेंट्स'. हा शेवटचा कप्पा नसेल तर तयार करा. तिथे एक नवी नोंद करून नावाच्या जागी मूळ फॉन्ट आणि किमतीच्या जागी बदली फॉन्ट लिहा. दोन्ही नावं फॉन्टच्या यादीत इंग्रजीत दिसतात तशीच हवीत. एक लक्षात ठेवा: बदली फॉन्टची रुंदी वेगळी असते, त्यामुळे ओळी मागेपुढे सरकतात. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येऊ शकतात, तेही तपासा.

*इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते.* इथेही मजकूर शाबूत आहे. युनिकोड रुजण्याआधी श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींनी मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवले होते. फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे क्रमांकच साठवलेले असतात, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. तो नसला की खिचडी उघडी पडते. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी होती. त्यामुळे एकीचा फॉन्ट दुसरीच्या मजकुराला लावला तर अक्षरं मराठी दिसतात, पण शब्द भलतेच होतात.

यावर उपाय एकच, तो म्हणजे मूळ फॉन्ट. जुन्या विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून विकत घेतलेल्या फॉन्टची फाइल घ्या आणि बाटलीच्या सी ड्राइव्हमधल्या 'विंडोज' फोल्डरातल्या 'फॉन्ट्स'मध्ये ठेवा. विंडोज पुसण्याआधी हे फॉन्ट काढून घेणं म्हणूनच फार महत्त्वाचं आहे. डिस्क फॉरमॅट झाल्यावर वीस वर्षांपूर्वीचा फॉन्ट मिळेलच याची खात्री नसते.

फॉन्ट बसवूनही अर्धी अक्षरं बरोबर आणि अर्धी चुकीची येत असतील तर संशय भाषेच्या सेटिंगवर घ्या. जुने फॉन्ट पश्चिम युरोपीय भाषांच्या कोडपेजवर बेतलेले असतात. वाइन मात्र भाषा लिनक्सकडून घेतं. लिनक्स मराठीत ठेवलं असेल तर घोळ होऊ शकतो, कारण विंडोजमध्ये मराठी आली ती थेट युनिकोडबरोबर. तिला जुन्या पद्धतीचं कोडपेजच नाही. बॉटल्स आणि लुट्रिस या दोन्हींत एका प्रोग्रॅमपुरती भाषा बदलता येते. तिथे अमेरिकन इंग्रजी निवडून पाहा. बाकीचं लिनक्स मराठीत राहू द्या.

*प्रश्नचिन्हं दिसतात.* इथे थांबा आणि फाइल सेव्ह करू नका. युनिकोड न कळणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये युनिकोड मराठी मजकूर आला की न ओळखलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं. व्हॉट्सॲपवरून आलेला लग्नपत्रिकेचा मजकूर जुन्या पेजमेकरमध्ये चिकटवला की नेमकं हेच होतं, मग खाली विंडोज असो की वाइन. चौकोनांच्या मागे मूळ अक्षर जिवंत असतं. प्रश्नचिन्हाच्या बाबतीत ते बहुधा गेलेलं असतं आणि सेव्ह केल्यावर कोणताही फॉन्ट ते परत आणू शकत नाही. अशा वेळी युनिकोड मजकूर कन्व्हर्टरमधून आपल्या जुन्या फॉन्टच्या मांडणीत बदलून घ्या आणि मगच चिकटवा.

*मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटतात.* 'कि'मधली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाते, रफार सुटा पडतो, 'क्ष'चे दोन तुकडे होतात. मजकूर शाबूत असतो, फक्त अक्षरांची जुळणी चुकते. आधी दुसरा देवनागरी फॉन्ट लावून पाहा आणि वाइनची आवृत्ती नवी करा. तेवढ्याने भागलं नाही तर 'वाइनट्रिक्स' या मदतनीस साधनातून 'यूएसपी१०' हा घटक त्या बाटलीत टाकून पाहा. मायक्रोसॉफ्टचा अक्षरजुळणीचा घटक त्यातून मिळतो.

अक्षरं फार बारीक किंवा धूसर

वाइन मुळात ९६ डीपीआय धरून चालतं. लहान आकाराच्या पण जास्त पिक्सेलच्या स्क्रीनवर त्यामुळे मेनू वाचता येत नाही. वाइनच्या सेटिंगची विंडो उघडा आणि 'ग्राफिक्स' टॅबवर जा. खाली डीपीआयची सरकपट्टी आहे. आधी १२० करून पाहा, मग १४४. फोर-के स्क्रीनसाठी १९२ लागू शकतो. आकडा फार वाढवला तर जुन्या प्रोग्रॅमच्या छोट्या विंडोंमधली बटणं कापली जातात. म्हणून टप्प्याटप्प्याने चढा.

अक्षरं मोठी आहेत पण धुरकट आहेत, तर कारण बहुधा लिनक्सच्या बाजूला असतं. स्क्रीनचा आकार १२५ किंवा १५० टक्के ठेवला की काही डेस्कटॉप वाइनची विंडो लहान आकारात काढून ताणतात. वेलँड या नव्या पद्धतीत हे जास्त जाणवतं. लिनक्सचा आकार १०० टक्क्यांवर आणा आणि वाढ वाइनच्या डीपीआयमधून करा. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या वाइन १०.० मध्ये या आघाडीवर सुधारणा झाली आहे. उबुंटू २४.०४ आणि त्यावर उभ्या लिनक्स मिंट २२ च्या भांडारात मात्र वाइन ९.० मिळतं. नवी आवृत्ती हवी असेल तर ती वाइनच्या अधिकृत भांडारातून किंवा बॉटल्समधून घ्यावी लागते.

अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसत असतील तर वाइनट्रिक्समध्ये फॉन्ट गुळगुळीत करण्याची सेटिंग आहे, ती चालू करा.

विंडो गायब, अडकलेली किंवा स्क्रीनबाहेर

प्रोग्रॅम थिजल्यासारखा वाटतो आणि कुठेच क्लिक होत नाही. खूपदा तो थिजलेला नसतो. 'सेव्ह करायचं का?' असं विचारणारी छोटी विंडो मोठीच्या मागे लपलेली असते. ऑल्ट आणि टॅब दाबून ती समोर येते का पाहा. विंडोची वरची पट्टीच स्क्रीनबाहेर गेली असेल तर मिंटवर ऑल्ट दाबून ठेवा आणि विंडो कुठेही पकडून माउसने ओढा. उबुंटूवर ऑल्टऐवजी विंडोजच्या चिन्हाचं बटण दाबायचं.

हे रोजच व्हायला लागलं तर वाइनच्या 'ग्राफिक्स' टॅबमध्ये व्हर्च्युअल डेस्कटॉपचा पर्याय चालू करा आणि स्क्रीनपेक्षा थोडं कमी माप द्या. मग प्रोग्रॅमच्या सगळ्या विंडो एकाच चौकटीत राहतात आणि लिनक्सच्या विंडो-व्यवस्थेशी त्यांची ओढाताण होत नाही. विंडो-बिघाडांवर सर्वांत आधी करून पाहावा असा हा उपाय आहे.

पूर्ण स्क्रीन घेणारे जुने गेम आणि शैक्षणिक सीडींनाही तो लागू पडतो. असे प्रोग्रॅम स्क्रीनचं रिझोल्यूशन उतरवतात आणि मध्येच बंद पडले तर सगळा डेस्कटॉप तसाच मोठा-मोठा राहतो. तसं झालं तर लिनक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मूळ रिझोल्यूशन निवडा. संगणक बिघडलेला नसतो.

याच टॅबमध्ये विंडोची चौकट आणि नियंत्रण लिनक्सकडे द्यायचं का, हे ठरवणारे दोन पर्याय आहेत. दुहेरी पट्टी दिसणं किंवा टूलबॉक्स सतत मागे पडणं असे त्रास असतील तर ते एकेक करून बंद करून पाहा.

काळी, पांढरी किंवा झगमगणारी स्क्रीन

विंडो उघडते पण आत काहीच नाही, तर दोष बहुधा ग्राफिक्सच्या भाषांतरात असतो. विंडोजच्या डायरेक्ट-थ्रीडी आज्ञा लिनक्सवर ओपनजीएल किंवा वल्कन या दोनपैकी एका मार्गाने जातात.

वल्कनचा मार्ग वेगवान आहे. 'डीएक्सव्हीके' हे साधन तोच वापरतं आणि बॉटल्समध्ये ते आधीपासून चालू असतं. पण २०१२-१३ च्या सुमाराच्या इंटेल ग्राफिक्सवर वल्कनचा आधार अपुरा आहे. जुन्या संगणकावर काळी स्क्रीन आली तर त्या बाटलीपुरतं डीएक्सव्हीके बंद करा. काम ओपनजीएलवर जातं आणि डीटीपी किंवा हिशेबाच्या प्रोग्रॅमला तेवढं पुरतं.

दुसरं कारण ड्रायव्हरचं. जुने प्रोग्रॅम ३२ बिटचे असतात. त्यांना ग्राफिक्स ड्रायव्हरचे ३२ बिटचे घटकही लागतात. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर मिंटच्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून किंवा उबुंटूच्या 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मधूनच बसवा, म्हणजे हे घटक जुळवणं सोपं जातं.

विंडो सरकवली की मागे डाग राहत असतील किंवा चित्र झगमगत असेल तर एक्सएफसीई डेस्कटॉपवर विंडो मॅनेजरच्या सूक्ष्म सेटिंगमध्ये 'कंपोझिटर' बंद करून पाहा. उबुंटू २४.०४ वर लॉगिन करताना वेलँडऐवजी एक्स-ऑर्ग निवडूनही फरक पडतो.

दिसतं बरोबर, पण टाइप होत नाही

जुनी मराठी टायपिंग साधनं विंडोजभर सगळीकडे कळा पकडतात. वाइनमध्ये त्यांचा हात त्याच बाटलीतल्या प्रोग्रॅमपर्यंत पोचतो, लिनक्सच्या प्रोग्रॅमपर्यंत नाही. म्हणून टायपिंगचं साधन आणि डीटीपीचा प्रोग्रॅम एकाच बाटलीत ठेवा. युनिकोड टायपिंगसाठी लिनक्समध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळपाट मिळतोच.

छपाईला देण्याआधी

स्क्रीनवर बरोबर दिसलं म्हणजे कागदावर बरोबर येईल असं नाही. बदली फॉन्टमुळे ओळ तुटते, एखादा अनुस्वार चौकटीबाहेर कापला जातो. आधी पीडीएफ काढा, ती लिनक्सच्या वाचकात उघडा आणि फॉन्ट पीडीएफमध्येच अंतर्भूत आहेत का ते तिच्या माहितीत पाहा. मग एक प्रत साध्या प्रिंटरवर काढून नावं आणि तारखा मोठ्याने वाचून तपासा. पाचशे पत्रिकांवर वधूच्या आडनावातला रफार गेला तर तो खर्च दुकानदाराच्याच माथी येतो.

कुठे थांबायचं

काही गोष्टी वाइनच्या आवाक्याबाहेर आहेत. जुन्या मराठी सॉफ्टवेअरबरोबर मिळणारं कुलूप, म्हणजे डोंगल, त्यात येतं. डिजिटल सहीचं टोकन आणि विंडोजचा खास ड्रायव्हर मागणारं यंत्रही. वाइन हार्डवेअरचे असे ड्रायव्हर सहसा चालवू शकत नाही. तिथे सेटिंगशी झुंजण्यात वेळ घालवू नका. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनात परवाना असलेलं जुनं विंडोज बसवा, यूएसबी त्याच्याकडे वळवा आणि त्याचं इंटरनेट बंद ठेवा. त्यासाठी किमान आठ जीबी मेमरी असली तर बरं.

आणि वाइन चांगलं चाललं तरी जुन्या फाइलींच्या दृष्टीने तो मुक्काम आहे, शेवटचं ठिकाण नाही. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे. लिनक्सवरच चालणाऱ्या स्क्रायबस या मोफत डीटीपी प्रोग्रॅममध्ये, २०२४ साली आलेल्या १.६ या पक्क्या आवृत्तीपासून देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात. इंकस्केप आणि लिब्रेऑफिस यांतही मराठी चालते. नवं काम युनिकोडमध्ये सुरू करायचं, जुनी फाइल वाइनमध्ये उघडायची आणि गिऱ्हाईक पुन्हा आलं की तेवढी फाइल युनिकोडमध्ये बदलून ठेवायची. ज्या फाइली अजून मागितल्या जातात त्या अशा हळूहळू नव्या रूपात येतात. बाकीच्यांसाठी मूळ फॉन्टची एक प्रत डिस्कवर जपून ठेवली की पुरे.